पाणाड्या आणि पाच टक्के

गोसीखुर्दच्या धरणापासून हाकेच्या अंतरावर पाणाड्या बोलवावा लागतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. वैनगंगेवरचं एवढं धरण, 33 दरवाजे, नजर पोचत नाही तिथवर पसरलेलं बॅकवॉटर, आणि तरी तुम्ही हातावर नारळ घेऊन पाणी शोधता? पण पाणी डोळ्यांना दिसणं वेगळं आणि धानाच्या बांधीत येणं वेगळं. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. 372 कोटींचा अंदाज पुढे हजारो कोटींत गेला. 2009 मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला. एवढं सगळं होऊनही ज्याच्या बांधापर्यंत कालवा आला नाही, त्याने काय करायचं? बोअर मारायची. आणि बोअर कुठे मारायची, हे पाणाड्या सांगणार.

माझी सासुरवाड याच भागातली. मी नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे सासुरवाडीत माझ्याकडे ‘शिकलेले पण निरुपद्रवी जावई’ म्हणून पाहतात. माझे चुलत सासरे, म्हणजे आमचे मामाजी, यांनी बोअर मारायचं ठरवलं तेव्हा मी तिथे होतो. पाणाड्या आला. पन्नाशीचा, पायांत चपला नाहीत, खिशात मोबाइल. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून, शेंडी बोटांकडे करून, तो शेतात सावकाश चालू लागला. एका ठिकाणी नारळ थरथरला आणि हळूहळू उभा राहिला. मी अगदी जवळून पाहत होतो. मनगटाची शीर ताठली होती, अंगठ्याच्या बुंध्याशी बारीकशी हालचाल होत होती. त्याला मात्र त्यातलं काही जाणवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

तो लबाडी करत नव्हता. इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटरने 1852 मध्ये या प्रकाराला नाव दिलं. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्याला न विचारता हलतात. त्याच्याही आधी, 1833 मध्ये, शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोऱ्याला टांगलेला लोलक आपल्याच हातात कसा ‘आपोआप’ झुलतो हे तपासून पाहिलं होतं, आणि डोळ्यांवर पट्टी बांधली की झुलणं थांबतं हेही. म्हणजे नारळ का उभा राहतो याचं उत्तर माझ्या विषयात होतं. मामाजींना ते नको होतं. त्यांना पाणी हवं होतं.

पाणी लागलं. भरपूर लागलं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “का जी जवाईबापू, आता का मनता?”

आता काय म्हणणार? मी विचारलं, “यांचं नेहमीच लागतं का?”

“लागते जी. दहात नऊ ठिकानी लागते. एखाद्या वेळी नाई लागत.”

माझं आयुष्य ज्या धंद्यात गेलं, त्यात ‘दहात नऊ’ ऐकलं की माणूस लगेच पेन काढतो. समजा, मामाजींचा आकडा अगदी खरा आहे. पाणाड्याला काहीच कळत नाही आणि त्याचं प्रत्येक सांगणं म्हणजे छापा-काटा, असं धरलं तर दहात नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याची शक्यता साधारण 1 टक्का निघते. आमच्या धंद्यात 5 टक्क्यांच्या खाली आकडा आला की माणूस खूश होतो. निष्कर्ष ‘सार्थ’ ठरतो, शोधनिबंध छापून येतो, बढतीच्या अर्जात एक ओळ वाढते. म्हणजे पाणाड्या पास.

पण थांबा. धरणाच्या बॅकवॉटरजवळच्या शेतात कुठेही बोअर मारली तरी दहात नऊ वेळा पाणी लागणार असेल तर? मग छापा-काटा धरणंच चुकीचं. तोच पाणाड्या, तोच नारळ, तेच दहात नऊ, पण आता ती शक्यता 1 टक्का न राहता 74 टक्के होते. सुरुवातीला आपण काय धरलं तेवढं बदललं आणि चमत्कार नाहीसा झाला.

हा पी-मूल्य नावाचा आकडा आहे तो असा. काहीच घडत नाही असं आधी धरायचं, आणि मग विचारायचं की तसं असताना इतका, किंवा याहून ठळक, निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता किती? एवढंच. पाणाड्याला विद्या असण्याची शक्यता किती, हे तो सांगत नाही. उद्या दुसऱ्या शेतात त्याचं खरं ठरेल का, हेही नाही. विद्या असलीच तर ती किती मोठी, याबद्दल तर अवाक्षर नाही. पण माणसाला ऐकायचं असतं नेमकं यातलंच काहीतरी, म्हणून तो आकड्याच्या तोंडी ते घालतो.

आणि हे फक्त मामाजी करतात असं समजू नका. हालर आणि क्राउस या दोघांनी 2002 मध्ये जर्मनीतल्या विद्यापीठांत मानसशास्त्रवाल्यांपुढे एका प्रयोगाचा निकाल ठेवला आणि त्याच्या अर्थाबद्दल सहा विधानं दिली. सहाही चूक होती. यातली खरी कोणती, एवढंच सांगायचं होतं. विद्यार्थी शंभर टक्के कुठे ना कुठे चुकले. संशोधन करणारे सुमारे 90 टक्के. आणि हा विषय वर्गात शिकवणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के. हा शेवटचा आकडा वाचला तेव्हा मला माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांची आठवण आली. त्यातले काही आता विभागप्रमुख आहेत.

पाच टक्क्यांची ही रेघ रोनाल्ड फिशर यांची. 1925 च्या त्यांच्या पुस्तकात वीसात एक ही सीमा सोयीची म्हणून आली. सोयीची, दैवी नाही. पुढे त्यांनीच लिहिलेली चहाची गोष्ट प्रसिद्ध आहे. रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या बाई होत्या, शेवाळाच्या अभ्यासक. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग आठ कप, चारात दूध आधी, चारात चहा आधी, क्रम उलटसुलट. चार कप बिनचूक निवडायची नुसत्या नशिबाने शक्यता 70 त 1. एकच कप चुकून इकडचा तिकडे गेला तरी चालेल म्हटलं तर ती एकदम 24 टक्क्यांवर जाते. बाईंनी सगळे बरोबर ओळखले असं सांगतात. यातली खरी हुशारी रेघेत नव्हती, कप मांडण्यात होती. कोणता कप आधी येणार हे बाईंना कळता कामा नये, मोजणाऱ्याचा पक्षपात नको. पुढच्या लोकांनी मांडणी शिकायचा कंटाळा केला आणि रेघ पाठ केली.

ती किती पाठ झाली होती हे रोझेन्थाल आणि गायटो यांनी 1963 मध्ये पाहिलं. मानसशास्त्राचे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी, सगळे मिळून 19 जण. वेगवेगळी पी-मूल्यं दाखवायची आणि विचारायचं, यावर तुमचा भरवसा किती? पाचापर्यंत भरवसा बऱ्यापैकी, आणि पाच ओलांडले की एकदम कोसळतो. दुसरी गंमत अशी की तेच पी-मूल्य दहा माणसांच्या प्रयोगातून आलं तर भरवसा कमी, शंभर माणसांच्या प्रयोगातून आलं तर जास्त. वरवर हे शहाणपणाचं वाटतं. पण दहाच माणसांत तो आकडा आला असेल, तर फरक शंभरवाल्या प्रयोगापेक्षा चांगलाच मोठा असायला हवा. मोठ्या नमुन्याला मान द्यायला ना नाही, पण इथे त्यांनी तो नमुन्याचा आकार पाहून दिला, फरकाचा आकार पाहून नाही.

केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी या पद्धतीवर एक मार्मिक आक्षेप घेतला होता. जे घडलंच नाही त्याचाही हिशोब धरून ही पद्धत निकाल देते, असं त्यांचं म्हणणं. ‘इतका किंवा याहून ठळक’ यातला ‘याहून ठळक’ कुठे घडला होता? या जेफ्रीजसाहेबांच्या हाताखाली शिकलेले कोल्हापूरचे डॉ. व. शं. हुजूरबाजार यांनी पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. त्याच विद्यापीठातले संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक सुधाकर कुंटे यांनी डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर एक परीक्षा घेतली. मला ती आपल्या मातीतली चहाची परीक्षा वाटते.

शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, अशा 200 पत्रिका जमवल्या. फलज्योतिषांना आवाहन केलं, की प्रत्येकाला यातल्या 40 देतो, कोणती कोणत्या गटातली ते सांगा. 51 जणांनी तयारी दाखवली, उत्तरं आली 27 जणांची. बाकीच्यांना बहुधा आपलंच भविष्य आधी दिसलं असावं. निकाल ‘करंट सायन्स’मध्ये 2009 साली छापून आला. सरासरी बरोबर उत्तरं, साधारण 46 टक्के. सगळ्यात वरचा क्रमांक 40 पैकी 24. एका संस्थेने सगळ्याच्या सगळ्या 200 पत्रिका मागून घेतल्या, तिची 102 बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर 100च्या आसपास आली असती, शिवाय ग्रहगणिताचे कष्ट वाचले असते.

आता त्या 24 वाल्याचं पाहा. एकटा समोर बसला असता तर म्हटलं असतं, 40 त 24, याच्यात काहीतरी आहे बरं का. पण नुसतं नाणं उडवूनही 40 त 24 किंवा जास्त येण्याची शक्यता 13 टक्क्यांच्या वर आहे. 27 जण नाणी उडवायला बसवले तर त्यातले तीन-चार तिथवर पोचतील. आपल्या ओळखीतला ‘ज्याचं सगळं खरं ठरतं’ असा ज्योतिषी हा बहुतेक त्या तीन-चारांतलाच असतो. उरलेल्यांची ओळख आपल्याला कुणी करून देत नाही.

पण मला खरी मौज त्या 46 टक्क्यांची वाटते. हजारेक अंदाजांत 46 टक्केच बरोबर येणं, हे नुसत्या योगायोगाच्या मानाने कमी आहे. मी कागदावर गणित मांडलं, तर कोरड्या हिशोबाने ते पाच टक्क्यांच्या रेघेखाली आलं. म्हणजे निकाल सार्थ, फक्त दिशा उलटी! आता काय निष्कर्ष काढायचा? ज्योतिषाला विचारावं आणि तो सांगेल त्याच्या बरोबर उलट करावं? रेघेवर आंधळा विश्वास असलेल्याला हे मान्य करावंच लागेल. थोडं थांबून पाहणारा म्हणेल, की एकच पत्रिका अनेकांकडे गेली, सगळ्यांची ठोकताळ्यांची पुस्तकं तीच, एखादी फसवी पत्रिका आली की सगळे एकाच बाजूला चुकणार. मग हजार अंदाज हे हजार वेगळी नाणी राहत नाहीत आणि माझं गणितच लंगडं पडतं. हा विचार आपण आनंदाने करतो, कारण निकाल आपल्याला पटणारा नाही. निकाल आवडीचा असता तर इतकं खोलात गेलो असतो का, हे माझं मला माहीत आहे.

पाणाड्यांचीही अशी परीक्षा झालेली आहे, बोअरवाल्यांनी नाही, भौतिकशास्त्रज्ञांनी घेतलेली. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप इकडेतिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्याने तो नेमका कुठे आहे ते सांगायचं. जवळजवळ 500 जणांतून 43 निवडले. 843 चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं, बहुतेकांना काही येत नाही, पण सहा जणांत खरंच काहीतरी आहे. पुढे 1999 मध्ये कॅलिफोर्नियाच्या जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा चाळले आणि म्हटलं, एवढ्या लोकांत एवढ्यांचं इतकं जमणारच, आणि त्या सहांचंही एका वेळी जमलं ते दुसऱ्या वेळी जमलं नाही. आकडे तेच, वाचणारे दोन. मामाजींना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “जर्मनीत बोअर मारत नसतील.”

मानसशास्त्राची स्वतःची फजिती 2011 ची. कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम हे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी हजाराहून जास्त लोकांवर नऊ प्रयोग करून दाखवलं, की माणसाला पुढचं आधी कळतं, आणि नवांतले आठ प्रयोग सार्थ निघाले. एका प्रयोगात पडद्यामागे ठराविक चित्रं कुठे येणार ते लोकांनी 53.1 टक्के वेळा ओळखलं. छापून आलं ते नामांकित नियतकालिकात, कारण नियम सगळे पाळलेले. त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी तेच प्रचलित नियम वापरून बीटल्सचं एक गाणं ऐकल्याने माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं हे ‘सिद्ध’ केलं. वाटेल तितक्या गोष्टी मोजायच्या, जमेल तेवढ्याच सांगायच्या, आणि आकडा खाली आला की माणसं घेणं थांबवायचं. आमच्या धंद्यातल्या कितीतरी लोकांना ते वाचून घाम फुटला, कारण ही लबाडी नव्हती, ही रोजची रीत होती. 2015 मध्ये शंभर मानसशास्त्रीय प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्यांत 97 टक्के सार्थ होते, नव्यांत 36 टक्के. त्याच वर्षी एका नियतकालिकाने पी-मूल्य छापायचंच बंद केलं. हे मात्र मला ज्वर मोजू नये म्हणून थर्मामीटर फोडण्यातलं वाटतं.

पण भंडाऱ्याच्या, म्हणजे माझ्या सासुरवाडीकडच्या, माणसाला आकडे वाचता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. कारध्याच्या पुलाशी वैनगंगेची धोका पातळी 245.50 मीटर धरतात. पावसाळ्यात मोबाइलवर तो आकडा सगळे पाहतात. पण पाणी 245.49 वर आहे म्हणून कुणी निवांत घोरत नाही, आणि 245.51 झालं म्हणून छपरावर चढत नाही. लोक विचारतात, चढतं आहे की उतरतं? वर शिवनीकडे पाऊस किती? संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं का? ऑगस्ट 2020 मध्ये वरून पाणी सुटलं तेव्हा भंडारा शहरात काय झालं ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. गोसीखुर्दचे दरवाजेही एकदम सताड उघडत नाहीत. अमुक दरवाजे अर्ध्या मीटरने, तमुक एका मीटरने, आणि खाली ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडे सतर्कतेचा इशारा. आकडा एक, त्याला विचारायचे प्रश्न दहा. माझ्या धंद्यात मात्र 0.049 आला की पेढे आणि 0.051 आला की शोकसभा. शोकसभेतही भाषा ठरलेली असते, ‘निष्कर्ष सार्थतेच्या अगदी जवळ आला’, ‘स्पष्ट कल दिसून आला’. कल दुसऱ्या दिशेला असता तर तो दिसून आला असता का, हे त्या वाक्यात कुणी लिहीत नाही.

निवृत्तीनंतर एका विद्यार्थिनीने मला सोबत नेलं. तिचा विषय विस्थापितांचा मानसिक ताण. धरणात गाव गेलेल्यांच्या पुनर्वसित गावठाणात घरोघरी प्रश्नावली भरायची होती. तिच्या मार्गदर्शकांनी तिला निघताना एकच विचारलं होतं म्हणे, “सिग्निफिकंट येईल ना?” लग्नाला निघालेल्याला मुलगा होईल ना, विचारावं तसं. पोरगी मेहनती. प्रश्न तोंडपाठ.

अंगणात एक म्हातारी बाई धान पाखडत बसली होती. शेजारची बाई उंबऱ्यात. पोरीने पाण्याचा पेला घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी, मागच्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का? कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, की नेहमी?”

आजीने सूप खाली ठेवलं. खूप वेळ विचार केला. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, “का वं, मागच्या पंधरवड्यात मी उदास होती का?”

शेजारीण म्हणाली, “मंडईच्या जत्रेच्या दिवशी होती ना! नाटकाले पुढं जागा नाई भेटली मनून.”

“हो, होती जी,” आजी म्हणाली. “लय उदास होती. पन नाटक चांगलं झालं मनतेत.”

पोरीचं पेन तिथेच थांबलं. पुढ्यात चार चौकटी, शून्य ते तीन. जुनं गाव, घर, बांध्या, यांचं तर अजून नावही निघालं नव्हतं, ते प्रश्न पुढच्या पानावर होते. पेनाचं टोक शून्य आणि एक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “एक लिही.”

“आन् चहा मांडते,” शेजारीण म्हणाली, “दूध आधी घालू का मागून?”